कोकणच्या सागरी मार्गावर मोटरसायकलने: पथ्यपाणी आणि रस्ता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. कोकणात गाडीने जायचंय, पण मला साखर आहे. हिला कोळंबी चालत नाही. आमच्यातला एक जैन आहे. जमेल का? जमतं. मी स्वतः इन्सुलिनवर आहे, माझ्या बायकोला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे, आणि गेली नऊ वर्षं आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर अलिबागजवळचं रेवस ते गोव्याच्या सीमेजवळचं रेडी या सागरी मार्गाचे तुकडे पुन्हा पुन्हा फिरतो आहोत. खालची उत्तरं त्या फिरण्यातून आलेली आहेत. औषधांच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

रोज किती किलोमीटर धरायचे?

किलोमीटर नंतर, आधी जेवणं धरा. देशावरच्या चौपदरी रस्त्यावर तीनशे किलोमीटर एका दिवसात आरामात होतात. सागरी मार्गावर ताशी २५ ते ३० च्या वर सरासरी पडत नाही. रस्ता अरुंद, दर गावाला उतार आणि लगेच चढ, खाडी आली की फेरीबोटीची वाट बघणं, आणि वळणावर समोरून एसटी आली की आपली गाडी साइडपट्टीवर. मी दिवसाला ७०-८० किलोमीटरच धरतो.

बेत आखताना कागदावर आधी न्याहारी, दुपारचं आणि रात्रीचं जेवण कुठल्या गावात ते लिहितो. मग दोन जेवणांमधलं अंतर २५ ने भागतो, आणि वर अर्धा तास सुटा ठेवतो. फेरीबोट मध्ये असेल तर आणखी पाऊण तास. पोचायची वेळ दुपारी १ च्या पुढे सरकायला लागली की जेवणाचं गाव अलीकडे आणतो. हे एवढ्यासाठी की कोकणातल्या घरगुती खानावळीत चूल पेटते ती फोन करून सांगितलेल्या माणसांपुरती. अडीचनंतर तिथे भांडी घासायला गेलेली असतात, आणि मग तुमच्या वाट्याला टपरीवरचा वडापाव येतो. पथ्य असलेल्या माणसाचं सगळं तिथेच बिघडतं. म्हणून रस्त्याचा बेत आणि जेवणाचा बेत आम्ही कधीच वेगळे करत नाही.

सागरी मार्गाने जावं की मुंबई-गोवा महामार्गाने?

पोचायची घाई असेल तर महामार्ग, कोकण बघायचं असेल तर सागरी मार्ग. महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. आज बराच भाग काँक्रीटचा गुळगुळीत आहे, कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय झाला आहे. पण जिथे पूल अर्धवट आहेत तिथे एकदम कच्चा वळणरस्ता लागतो, तोही रात्री नीट दिसत नाही. काँक्रीट संपून खडीवर गाडी उतरते ती जागा सगळ्यांत वाईट. ताशी ८० ने येणाऱ्याला ती दिसेपर्यंत पुढचं चाक खडीत गेलेलं असतं. जेवणाच्या दृष्टीने महामार्गावर हॉटेलं भरपूर, पण ती धाब्याच्या धर्तीची: तेल, मैदा, पनीर. पथ्याचं जेवण आत, खाडीच्या आणि समुद्राच्या बाजूच्या गावांत मिळतं.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी, रस्ते कोरडे, खानावळी चालू.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पाऊस संपला की डांबरीकरणाची कामं निघतात आणि ती उन्हाळ्यापर्यंत चालतात. नव्या डांबरावर बारीक खडी पसरलेली असते, आणि ती नेमकी वळणावर साठते. मार्च-एप्रिलपासून उकाडा असा वाढतो की जॅकेटच्या आत अंग भिजून जातं. आंब्यासाठी मे महिन्यात जाणारे जातात, जावंही, पण मग सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ नंतरच गाडी चालवायची.

गणपतीत आणि शिमग्यात गावं माणसांनी भरलेली असतात, आणि घरगुती सोय करणारी मंडळी स्वतःच्या पाहुण्यांत असतात. तेव्हा परक्याने जेवणाची आशा धरू नये. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, त्या दिवसांत गावात घरोघरी राहण्या-जेवण्याची सोय होते, पण आधी सांगूनच जावं.

पावसाळ्यात गेलो तर?

मी जात नाही, पण जाणाऱ्यांना अडवतही नाही. घाटांत दरडी येतात. वरंधा घाट पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्याच्या आधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर गाड्या गेल्या, माणसं गेली. साकवावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका. मागे फिरा, जवळच्या गावात थांबा.

खाण्याचंही बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पर्यटक नसतात, त्यामुळे बऱ्याच खानावळी बंद. जे चालू असतात ते मात्र शाकाहाऱ्यांना फार चांगलं खाऊ घालतात: टाकळा, कुर्डू, शेवगा, फणसाच्या आठळ्या, अळू. श्रावणात तर निम्म्या घरांत मासळी शिजतच नाही.

पुण्याहून खाली उतरायला कुठला घाट?

श्रीवर्धन-दिवेआगरसाठी ताम्हिणी. दापोलीसाठी ताम्हिणीने माणगावला उतरून महाडमार्गे जातो, किंवा रस्ता चालू असेल तर वरंध्याने. गुहागर-चिपळूणसाठी कराड-पाटणवरून कुंभार्ली. रत्नागिरीसाठी आंबा. त्याच्या खाली अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि शेवटी आंबोली. नव्या माणसाने पहिल्यांदा ताम्हिणी किंवा आंबा घ्यावा. घाटात खाण्याच्या टपऱ्या आहेत, पण तिथे मिळतं ते भजी, मॅगी आणि साखरेचा चहा. म्हणून घाटाच्या माथ्यावर पोचण्याआधी पोटात काहीतरी असलंच पाहिजे. रिकाम्या पोटी घाट उतरायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे.

जांभ्याच्या रस्त्यावर गाडी घसरते म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि ती घसरण देशावरच्या माणसाच्या ओळखीची नसते. जांभा दगडाची तांबडी माती बारीक असते. कोरडी असताना डांबरावर तिचा पातळ थर बसतो, ओली झाली की साबण होतो. चिऱ्याच्या खाणीतून ट्रक बाहेर पडतात त्या तोंडाशी हमखास. दुसरी जागा म्हणजे झाडांखालचा रस्ता. आंबा-फणसाच्या दाट सावलीत दुपारपर्यंत दव वाळत नाही, आणि कडेने शेवाळ धरतं. अशा ठिकाणी कडेला न जाता चाकांनी घासून काढलेल्या पट्ट्यातून गाडी काढा, पुढचा ब्रेक हलका ठेवा, वळणावर ब्रेक मारण्याऐवजी वळणाआधीच गियर उतरवा.

डांबराची कड आणि साइडपट्टी यांत कधी कधी वीतभर खोली असते. एसटीला वाट देताना आधी पूर्ण थांबा, मग हळूच उतरा. चालत्या गाडीने कड सोडली की परत वर चढताना चाक धरत नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, इथे सगळेच वाजवतात. गावातले गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांशिवाय असतात. शाळा, देऊळ आणि पाराजवळ एक असणार असं धरूनच चाला.

फेरीबोटीचं कसं असतं?

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, आणि तवसाळ ते जयगड. स्थानिक लोक तिला जंगलजेटीही म्हणतात. दाभोळची खाडी बोटीने काही मिनिटांत पार होते, रस्त्याने वळसा घालायचा तर चिपळूण गाठावं लागतं. म्हणून शेवटची बोट कितीला आणि आज बोट चालू आहे का, हे सकाळीच विचारून घ्या. वारं-पाऊस असला की बंद ठेवतात.

धक्क्याचा उतार भरती-ओहोटीने ओला असतो आणि त्यावर शेवाळ असतं. मागच्या माणसाला उतरवून एकट्याने गाडी चढवा, लोखंडी पत्र्यावर पाय टेकवत, पहिल्या गियरमध्ये. बोटीवर गाडी गियरमध्येच ठेवून साइड स्टँडवर लावा. तो मोकळा वेळ माझ्या फार उपयोगाचा असतो: रक्तातली साखर तपासायला, पाणी प्यायला, मूठभर फुटाणे खायला.

नमुन्यादाखल एखादा बेत सांगा.

आम्ही सगळ्यांना हाच सांगतो. पहिल्या दिवशी पुण्याहून सहाला निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. हा दिवस दीडशेच्या वर जातो, पण त्यात रस्ता बराच मोठा आहे. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, वेसवीला उतरून केळशी, मुक्काम आंजर्ल्याला. तिसऱ्या दिवशी हर्णै, दाभोळ, बोटीने धोपावे, दुपारचं जेवण गुहागरला आणि तिथेच मुक्काम. चौथ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची बोट, जयगड, गणपतीपुळे. पाचव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, आणि आंबा घाटाने वर. हा शेवटचा दिवस तीनशेच्या वर आहे, तेव्हा अंगात ताकद नसेल तर मलकापूर किंवा कऱ्हाडला एक रात्र काढा.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावांत भरून घ्या. मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

शाकाहारी माणसाला कोकणात खायला मिळतं का?

लोकांचा हा समज मला दर वेळी खोडून काढावा लागतो. पाट्यांवर सुरमई आणि पापलेट लिहिलेलं असतं म्हणून कोकण म्हणजे मासेच असं वाटतं. पण दापोली, गुहागर, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात शाकाहारी घरगुती जेवणाची जुनी रीत आहे. ओल्या काजूंची उसळ, डाळिंब्या, कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी, कच्च्या फणसाची भाजी, आंबोळी, घावन, तांदळाची भाकरी, मेतकूट-भात, सोलकढी. सोमवारी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे खाणाऱ्या घरांतही शाकाहारीच होतं.

अडचण वेगळीच आहे. मासे करणाऱ्या खानावळीत तवा एक, झारा एक, आणि तळणीचं तेलही एकच असू शकतं. ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी केवळ शाकाहारी करणारं घर शोधावं. पापड आणि भजी तर नकोच म्हणावं, कारण कढई तीच असते.

फोनवर नेमकं काय सांगायचं?

‘आम्ही पथ्यावर आहोत’ असं सांगू नका, त्यातून काही कळत नाही. किती माणसं, किती वाजता, काय चालतं आणि काय नाही, हे नाव घेऊन सांगा. ‘दोघं आहोत, साडेबाराला येतो, भाकरी चालेल, भात थोडा लागेल, एक उसळ, एक पालेभाजी, गोड नको, कोळंबी-खेकडा-शिंपल्या घरात शिजत असतील तर भांडं वेगळं ठेवा.’ आदल्या दिवशी एक फोन, आणि सकाळी निघताना एक. उशीर होत असेल तर तिसरा. हा तिसरा फोन लोक करत नाहीत, आणि मग गार जेवण मिळालं म्हणून रागावतात.

आंजर्ल्याच्या एका घरी आम्ही पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडून काकूंनी विचारलं, ‘कोळंबी नको म्हणजे सुकटही नको ना? आणि सोडे?’ दोन्ही सुकवलेल्या कोळंबीचेच प्रकार. त्या एका प्रश्नावर आम्ही तिथे मुक्काम ठरवला. संध्याकाळी पोचलो तेव्हा त्या पडवीत विळीवर बसून नारळ खवत होत्या. शेजारी कुळथाचं पीठ चाळून ठेवलेलं, आणि तवा नवा कोरा, डब्यातून काढलेला. ‘रोजच्या तव्यावर काल सरंगा भाजला होता,’ म्हणाल्या. त्या रात्रीच्या पिठलं-भाताची आठवण माझी बायको अजून काढते.

कोळंबीची ॲलर्जी असेल तर कशाची भीती?

समोर ठेवलेल्या कोळंबीची नाही, ती दिसते. भीती आहे सुकवलेल्याची. सोडे, जवळा, सुकट हे कोकणात भाजीला चव आणायला घालतात, वांग्यात, फणसात, कधी दुधीत. पाच वर्षांपूर्वी रस्त्यालगतच्या एका खानावळीत आम्ही विचारून वांग्याची भाजी घेतली होती. ‘शाकाहारी आहे’ म्हणून सांगितलं होतं. दहा-पंधरा मिनिटांत बायकोच्या ओठांना सूज आली, मानेवर गांध्या उठल्या. ॲलर्जीची गोळी जवळ होती म्हणून निभावलं, पण तालुक्याच्या गावी दवाखाना गाठेपर्यंतचा तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. वाढणारा पोरगा खोटं बोलला नव्हता. वाटणात सोडे होते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही वाढणाऱ्याला विचारत नाही, स्वयंपाक करणारीला जाऊन विचारतो. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते गाडीच्या पेटीत नको, अंगावरच्या खिशात हवं, आणि मागे बसणाऱ्यालाही ते टोचता आलं पाहिजे.

शेंगदाणा चालत नाही. कोकण बरं की देश?

कोकण, डोळे झाकून. घाट उतरलं की भाज्यांतलं दाण्याचं कूट मागे राहतं आणि खोबरं सुरू होतं. सांभाळायच्या जागा तीन: साबुदाण्याची खिचडी, चिवडा-चिक्की, आणि तळणीचं तेल. तेल कुठलं ते विचाराच. परतीच्या वाटेवर घाट चढून वर आलात की पुन्हा सावध व्हा. दमलेला माणूस तिथेच चुकतो.

गहू बंद आहे (ग्लूटेन चालत नाही). काय खाऊ?

तुमच्यासाठी याहून सोयीचा प्रदेश मला माहीत नाही. तांदूळ आणि नाचणी इथे रोजचं अन्न आहे: आंबोळी, घावन, शिरवाळे, उकडीचे मोदक, भाकरी, पेज. तरी गहू लपून येतो. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून फोडणी हिंगाशिवाय करायला सांगा, किंवा चालणारा हिंग घरून न्या. तळलेल्या मासळीला वरून रवा लावतात, तिथे ‘तांदळाच्या पिठात तळा’ म्हणावं. वड्यांच्या पिठात घरोघरी वेगळी धान्यं असतात, त्यात गहू असू शकतो. आणि गावच्या गिरणीत गव्हावरच नाचणी दळली जाते. ज्यांना सेलिॲक (ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) आहे, त्यांनी दोन दिवसांचं पीठ घरून न्यावं आणि ‘याच पिठाच्या भाकऱ्या करा’ म्हणून द्यावं. आजवर एकाही घरी कुणी नाही म्हटलेलं नाही.

आमच्यात जैन मित्र आहे. कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि सूर्यास्ताआधी जेवण.

कांदा-लसणाशिवायचं अवघड नाही, कोकणातल्या कितीतरी घरांत नैवेद्याचा स्वयंपाक तसाच होतो. ‘कंद नकोत’ हे मात्र वेगळं सांगा, कारण सुरण, करांदे, रताळी सहज पानात येतात. खरी कसोटी वेळेची. डिसेंबरात सूर्य सहा ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे साडेपाचला पान वाढलेलं हवं, म्हणजे पाचला मुक्कामी, म्हणजे दुपारची बोट चुकवून चालणार नाही. आमचा मित्र बरोबर असतो तेव्हा आम्ही दिवसाचा पल्ला साठ किलोमीटरवर आणतो. त्याच्यामुळे आम्हा सगळ्यांना अंधारात गाडी चालवावी लागत नाही, आणि कोकणात अंधारात गाडी चालवू नये हे मी तसंही सांगतोच.

मधुमेह आहे. खाण्याच्या वेळा कशा सांभाळायच्या?

घरी ज्या वेळा आहेत त्याच रस्त्यावर ठेवा. दोन तासांच्या वर सलग गाडी नको. थांबलं की थोडं खा: फुटाणे, बदाम, काकडी, एखादी दशमी. नाचणीची भाकरी ‘शुगरवाल्यांना चालते’ म्हणून तीन-चार खाणारे बघितलेत. नाचणीतही पिष्ट भरपूर असतं, एक-दीड पुरे. कोकणातला भात मऊ आणि चविष्ट, हात आवरत नाही. आधी उसळ आणि भाजी संपवा, मग भात घ्या. आंबापोळी, फणसपोळी, काजूकतली घरी नेण्यासाठी घ्या, पेटीत खाली ठेवा.

गाडीवर बसण्याआधी मी साखर तपासतो. ९० च्या खाली असेल तर आधी खातो, थांबतो, मगच चावी लावतो. पायांना संवेदना कमी असतील तर बूट रोज काढून तळवे बघा, ओल्या मोज्यांतले फोड कळत नाहीत.

इन्सुलिन कुठे ठेवायचं?

न उघडलेलं २ ते ८ अंशांत, वापरातलं पेन साधारण ३० अंशांपर्यंत चार आठवडे टिकतं. नेमकं तुमच्या औषधाच्या पत्रकात बघा. टाकीवरची पिशवी आणि इंजिनाशेजारची पेटी दोन्ही नको, तिथे फार तापतं. मी पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवतो. पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या पिशव्या देशावर छान चालतात, पण किनाऱ्यावर हवेत दमटपणा इतका की पाणी उडत नाही आणि पिशवी हवी तेवढी गार होत नाही. तिथे गारव्याचा डबा बरा. बर्फाला मात्र इन्सुलिन टेकू देऊ नका, गोठलं की फेकायचं. मुक्कामी फ्रीज मागा आणि दाराच्या कप्प्यात ठेवा. निम्मा साठा बरोबरच्याकडे द्या.

गाडीवरच साखर उतरली तर?

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड. यातलं एक जरी जाणवलं तरी ‘पुढच्या गावात थांबू’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला, चावी बंद, खाली उतरायचं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा. वर आली की काहीतरी भरीचं खायचं. आकडा जागेवर आला तरी डोकं लगेच जागेवर येत नाही, म्हणून मी पुढे पाऊण तास गाडी चालवत नाही. ग्लुकोजची पुडी जॅकेटच्या डाव्या खिशात, हातमोजा न काढता निघेल अशी. मागे बसणाऱ्याला मी सांगून ठेवलंय: मी वळणं तिरकी घ्यायला लागलो की पाठीवर थाप मार.

उपवासाच्या दिवशी गाडी चालवावी का?

साखरेवरची औषधं चालू असतील तर नको. इतरांनी पल्ला निम्मा करावा. साबुदाणा पटकन चढतो आणि पटकन उतरतो, दुपारी झापड येते. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळं, केळी, शहाळं. निर्जळी उपवास आणि हेल्मेट एकत्र जमत नाहीत.

पाणी आणि सरबतं?

उन्हाळ्यात तासाला अर्धा लिटर तरी. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी. कोकमाचं सरबत मागताना लक्ष द्या: ‘अमृत कोकम’ म्हणजे साखरेचा पाक, आणि ‘आगळ’ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. मधुमेह्याने आगळ घ्यावं, पाण्यात, जिरं टाकून. रक्तदाब असलेल्याने आगळही बेतानं, ते खूप खारट असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळ्याबद्दल डॉक्टरांना विचारून निघा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

बरोबर खाण्याचं काय न्यावं?

दशम्या, मेतकूट, फुटाणे, सुके खजूर, ग्लुकोज, मीठ-साखरेच्या पुड्या. एका वेळचं पूर्ण जेवण होईल एवढं. मेतकुटाची डबी विसरू नका: कुठल्याही घरी गरम भात आणि तूप मिळतं, त्यावर मेतकूट टाकलं की जेवण झालं. पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तर एक जादा ट्यूब घ्या. गावात पंक्चरवाला दुपारी जेवायला घरी गेलेला असतो, आणि तोवर तुमचं जेवण लांबतं.

दवाखाना किती लांब?

रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय, दापोली आणि चिपळूणजवळ कामथे इथे सरकारी रुग्णालयं, सावर्ड्याजवळ डेरवणला मोठं रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. खाडीच्या पलीकडे असाल तर बोट की रस्ता, हे मुक्कामी पोचताच घरमालकांना विचारून ठेवा. खिशात एक कागद असू द्या: आजार, औषधं, ॲलर्जी, रक्तगट, मराठीत आणि ठळक अक्षरात. मोबाइलला कुलूप असतं, कागदाला नाही.

पुढे गोव्यापर्यंत जायचं असेल तर?

रत्नागिरीनंतर पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, रेडी. चार दिवस आणखी धरा. मालवणच्या पुढे वाटण तिखट होत जातं, अल्सरवाल्यांनी आधी सांगावं. तेरेखोलवरून गोव्यात उतरलात की शाकाहारीसाठी ‘शिवराक’ हा शब्द वापरा, लगेच कळतं. गोव्याची पोई कोंड्याची असली तरी गव्हाचीच आहे, गहू बंद असलेल्यांनी घेऊ नये.

पहिल्यांदाच जातोय. छोट्यात छोटी सहल कुठली?

शुक्रवारी पुण्याहून दापोली-आंजर्ले, दोनशेच्या आसपास. शनिवारी गाडी उभी करून ठेवा, गावातच फिरा, तिन्ही वेळा एकाच घरी जेवा. त्यातून कळेल तुमच्या पोटाला आणि साखरेला काय मानवतं. रविवारी सकाळी सातला परत. गुरुवारी रात्री त्या घरी पुन्हा एकदा फोन करा, आणि ‘रस्ता कुठे खणलाय का’ हेही त्यांनाच विचारा. नकाशावर जे दिसत नाही ते त्यांना सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडून कळलेलं असतं.